क्लच कव्हरचा बोल्ट नुसताच फिरतो

प्रश्न : माझ्या १५० सीसी मोटारसायकलच्या क्लच कव्हरचा एक एम६ बोल्ट घट्टच होत नाही, तिथून ऑइल झिरपते. मेकॅनिक म्हणतो, आठचा बोल्ट ठोकून देऊ. चालेल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नको. आठच्या बोल्टसाठी कव्हरचे भोकही वाढवावे लागते आणि क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या कवचाची) कड पातळ होऊन तडकू शकते. एपॉक्सी भरणे तर निव्वळ वेळकाढूपणा.

हेलिकॉइल (झिजलेल्या आट्यांच्या जागी बसणारी स्टीलच्या तारेची गुंडाळी) बसवून घ्या : एम६ × १.० (६ मिमी व्यास, आट्यांमधले अंतर १ मिमी), लांबी ९ मिमी. कव्हर उतरवून इंजिनाचे उघडे तोंड चिंध्यांनी नीट बंद करा, अ‍ॅल्युमिनियमचा कीस आत जाता कामा नये. भोकाची खोली मोजून ड्रिलच्या ६.३ मिमी बिटला तेवढ्यावर टेप गुंडाळा. बिट अगदी सरळ धरा. आटे पाडायला हेलिकॉइलच्या किटमधलाच टॅप हवा, साधा एम६ टॅप इथे निरुपयोगी. रॉकेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. काम बिघडते ते बहुधा इथेच : टॅप तिरका शिरला की बोल्टही तिरका.

कीस साफ करून कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली उतरवा. तळाची आडवी शेंडी मोडून चिमट्याने बाहेर काढा. ती विसरली तर बोल्ट तिथेच अडतो.

गॅस्केट नवे टाका. एम६ ला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. लांब दांड्याच्या पान्याने ताकद लावल्यानेच बहुतेकदा आटे जातात.