आधी अडीच किलोचं गणित, मग मोटार

तुम्ही विचारलंय की फ्लॉवर वर्गाच्या कॉर्व्हेटचा (दुसऱ्या महायुद्धातली छोटी युद्धनौका) १/७२ आकाराचा मॉडेल किट आणलाय, तिला रिमोट बसवून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावात चालवायचीय, तर मोटार कोणती घेऊ. मोटारीचं पुढे सांगतो. आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. माझी पहिली बोट मी मोटारीच्या नादातच घालवली. घरच्या हौदात झकास उभी राहिली, तलावात पहिलं वळण घेतलं आणि आडवी झाली. बॅटरी डेकच्या खाली लगेच, हाताला येईल अशी ठेवली होती. तेवढी उंची तिला नडली.

खरी कॉर्व्हेट सुमारे ६२ मीटर लांब आणि ९४० टनांची. लांबी ७२ ने भागायची, पण वजन भागायचं ७२ गुणिले ७२ गुणिले ७२ ने, म्हणजे ३,७३,२४८ ने. उत्तर येतं जेमतेम अडीच किलो. प्लास्टिक, मोटार, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटार), बॅटरी आणि रंग, सगळं या अडीच किलोत बसवायचं. म्हणून बॅटरीलाच बॅलास्ट, म्हणजे बोट स्थिर ठेवणारं वजन, समजा आणि ती तळाशी टेकवा. ६ व्होल्टची ४.५ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी पाऊण किलोच्या आसपास भरते, या बोटीला ती चांगली. उरलेलं वजन शिशाचं. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करताना काढलेले तुकडे मागा. ते आधी सुटे ठेवून बोट पाण्यात तपासा, जलरेषा नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत सरळ आली की मगच इपॉक्सीने चिकटवा.

मग बोट हाताने तीसेक अंश कलवून सोडा. लगेच उठली तर ठीक. रेंगाळत उठली तर वजन अजून वर आहे. तोफ, मास्ट, नळकांडं बसवल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्या. आत शिरलेल्या पाण्याचीही काळजी घ्या: बोट कलली की ते त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. म्हणून नाळेत आणि मागच्या टोकाला थर्माकोल भरा. पाणी शिरलं तरी बोट तळाला जाणार नाही. फक्त प्लास्टिकचा गोंद थर्माकोलला लागू देऊ नका, तो त्याला खातो.

आता मोटार. खऱ्या बोटीचा वेग १६ नॉट. पाण्यावर तशीच लाट उठायला हवी असेल तर वेग ७२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साडेआठने, भागायचा. सेकंदाला साधारण एक मीटर होतो. शतपावलीचा वेग! त्यासाठी छोटी ब्रश मोटार आणि रिव्हर्स असलेला स्पीड कंट्रोलर भरपूर झाला. या वर्गाला पंखा एकच, त्यामुळे शाफ्टही एकच. तो मोटारीशी एका रेषेत हवा, नाहीतर घरघर सुरू होते आणि बॅटरी लवकर उतरते. शाफ्टची पितळी नळी मी पॉवरलूमचे भाग बनवणाऱ्या लेथवाल्याकडून करून घेतली. दोन्ही टोकांना बुश आणि मध्ये ग्रीस भरून. एवढं नेमकं काम करणारे हात आपल्या गावात आहेत, त्यांच्याकडे जा. रिसीव्हरची अँटेना मात्र जलरेषेच्या वरच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झ पाण्यातून जात नाही.

सिद्धेश्वरला मी चालवत नाही. ती भाविकांची जागा आहे. कंबर तलावात जलपर्णी असेल तेव्हा जाऊच नका, मुळं पंख्याला गुंडाळली की बोट मध्येच अडकते आणि तिच्यासाठी कुणी पाण्यात उतरायचं नाही. वारा पडलेला असतो अशी सकाळची वेळ धरा. आपण लाटा लहान करू शकत नाही, बोटीला वीतभर लाटही समुद्राएवढी. आणि मे महिन्यात बोट बंद गाडीत ठेवू नका, गडद रंगाची हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, तापून वाकते.

नावाबद्दल एक मनातलं. १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीला मिळालेल्या या वर्गाच्या एका बोटीचं, मूळच्या ‘चारलॉक’चं, नाव ‘मराठा’ ठेवलं होतं. तिचा आराखडा सुधारित होता, त्यामुळे तुमच्या किटमधून हुबेहूब होणार नाही. तरी मला ते नाव फार आवडतं.

पाणी येईल त्या दिवशी हौद काठोकाठ भरून घ्या, नुसती हल आणि शिसं एवढ्यावर जलरेषा बघा, आणि किती ग्रॅम लागले ते कळवा. मोटारीचा आकार त्यानंतर ठरवू.