एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे: सफोकच्या शेतमजुराचे आईबाप कसे शोधायचे

तुमची अडचण अशी: नवऱ्याचे पूर्वज १८५१च्या जनगणनेत इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका खेड्यात शेतमजूर म्हणून सापडले, वय चाळीस, जन्मगाव तेच. पण गावच्या चर्चच्या रजिस्टरात १८११च्या सुमारास त्याच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे आहेत, आईबाप वेगळे. यातला आपला कोणता?

इंटरनेटवरच्या तयार वंशवृक्षांतून उत्तर उचलू नका. एकाने अंदाजाने जोडलेला बाप पुढे दहा जण डोळे झाकून उतरवून घेतात.

आधी दोघांपैकी एक लहानपणीच गेला का ते बघा. १८११पासून पुढच्या दहा-बारा वर्षांच्या दफनाच्या नोंदी चाळा. १८१३पासून छापील रजिस्टरं आली, त्यांत वय लिहिलेलं असतं. त्यामुळे गेलेलं तीन वर्षांचं पोर होतं की सत्तरीचा आजोबा, ते कळतं. त्याआधी नुसतं नावही असू शकतं. मूल गेलं की पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव ठेवत. त्याच आईबापांकडे त्याच नावाचा आणखी एक बाप्तिस्मा दिसला, तर पहिला मुलगा बहुधा गेलेला असतो.

मग लग्न. १८५१च्या त्याच पानावर थोरल्या मुलाचं वय बघून लग्नाचं साल काढा. ते १ जुलै १८३७ नंतरचं असेल तर दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं आणि धंदे मिळतील. आधीचं असेल तर सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार, एवढंच. साक्षीदारांची नावं मात्र सोडू नका, कित्येकदा ती सख्खी भावंडं निघतात. बायकोचं माहेर माहीत नसेल तर जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीच्या, ऑनलाइन सूचीत १८३७ नंतर जन्मलेली मुलं शोधा. तिथे आईचं माहेरचं आडनाव असतं. १८४१ची जनगणनाही बघा, पण त्यात पंधराच्या वरची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवली आहेत. एकोणतीस वर्षांचा माणूस तिथे पंचवीसचा दिसतो.

एवढं करूनही अडलं, तर गरिबीचे कागद काढा. शेतमजुराचे कसले कागद असणार, असं आपल्याला वाटतं. पण १६६२च्या कायद्यापासून गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर, होती. दुसऱ्या गावात मदत मागायची वेळ आली की त्याला मॅजिस्ट्रेटांपुढे उभं करत आणि जबानी घेत: जन्म कुठला, बापाचं गाव कोणतं, चाकरी कोणाकडे, किती दिवस, बायकामुलं किती. बिनलग्नाच्या गड्याने सबंध वर्षाच्या बोलीवर चाकरी पुरी केली की त्या गावचा हक्क मिळे. म्हणून काही मालक एक्कावन्न आठवड्यांचीच बोली करत. पोटावर मारलेली ती एक आठवड्याची काटछाट मला अजून अस्वस्थ करते.

जावयाच्या घराण्याचा शोध घेताना डॉर्चेस्टरच्या अभिलेखागारात अशी एक जबानी माझ्या हातात आली. चार घड्यांचा कागद, मजकूर कारकुनाच्या सुबक अक्षरात. खाली नाव आणि आडनावाच्या मधे त्या माणसाने काढलेली फुली: एक रेघ शाईने फुगलेली, दुसरी कागद ओरखडत गेलेली. मी कितीतरी वेळ त्या फुलीकडेच बघत बसले होते. तिच्या वरच्या ओळीत त्याच्या बापाचं गाव होतं, नऊ मैलांवरचं. तीन वर्षं मी दुसऱ्याच गावची रजिस्टरं चाळत होते.

सफोकचे असे कागद तिथल्या काउंटी अभिलेखागारात असतील. सूची ऑनलाइन आहे. पॅरिशचं नाव आणि ‘सेटलमेंट’ (गावच्या त्या हक्काला हाच शब्द होता) टाकून बघा, शेजारच्या पाच-सहा पॅरिशांसाठीही. दोन्ही मुलांच्या बापांची नावं शोधा, कारण जबानी बापाचीही असू शकते.

आणि दुसरा मुलगा जगला असेल तर तो कुठे गेला, हेही शोधा. पलटणीत गेला असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या पेन्शनीच्या कागदांत जन्माची पॅरिश मिळते. मुंबई इलाख्यात लग्न झालं किंवा तिथेच वारला, तर चर्चची नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरात शोधा. तो तिकडे सापडला, की सफोकमध्ये राहिलेला तुमचा.