बार्शी कुठं, आमचं गाव कुठं?

प्रश्न: आमच्या गावाबाहेर (ता. कवठेमहांकाळ) वावरातनं मातीचा बुटका भराव गेलाय, कडेला काळ्या दगडाची पडकी खोली. म्हातारी माणसं म्हणतात हे बार्शी लाईटचं टेशन, राणीच्या काळात इंग्रज सरकारनं बांधलेलं. पण बार्शी इथनं कुठल्या कुठं, आणि आताची गाडी जाते पलीकडच्या अंगानं. मग हे टेशन नक्की कुणाचं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर: टेशन बार्शी लाईटचंच, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचंच असणार, तेवढं म्हाताऱ्यांचं बरोबर, पण राणी आणि सरकार दोन्ही सोडून द्या. व्हिक्टोरिया राणी गेली १९०१ ला आणि पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ आले १९२७ ला. कंपनी खाजगी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं उभी केलेली, सरकारनं ती विकत घेतली थेट १९५४ मध्ये. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी एवढ्याशा तुकड्यानं सुरुवात झाली म्हणून नाव बार्शी, मग पंढरपूर, लातूर, शेवटी आपली मिरज, सगळं मिळून सव्वातीनशे किलोमीटर झालं तरी नाव पहिलंच चिकटून राहिलं.

भराव बुटका, कारण दोन रूळांत अंतर फक्त अडीच फूट. कॅलथ्रॉपचा हिशेब असा की इंजिन असो नाहीतर डबा, एका आसावर पाच टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलके रूळ चालतात, पूल हलके पुरतात, आणि रूळ अरुंद म्हणून टेकडी आली की फोडत बसायचं नाही, वळसा मारायचा. म्हणून तर गाडी अशी रमतगमत जायची की माणूस खाली उतरून, लघवी करून परत चढायचा म्हणे! हे प्रत्येक गावात सांगतात, स्वतः चढलेला माणूस मला अजून भेटायचाय.

ब्रॉडगेज, म्हणजे आताची रुंद लाईन, साडेपाच फुटी, तिला असली आखूड वळणं झेपत नाहीत. २०१० च्या सुमारास ती आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी लाईन सरळ करून बाजूनं नेली, तुमचं टेशन अशाच सोडलेल्या वळणावर राहिलं असणार.

एक करा, गावात कुणाच्या गोठ्याला रुळाचा खांब असेल तर मधल्या उभ्या पट्टीवरचा गंज खरवडून खडू घासा. उठावाची अक्षरं निघतील, कारखान्याचं नाव, बहुतेक सालपण. फोटो पाठवा.