एकही गोळी चुकली नाही, मग हे कसे झाले?

एचआयव्ही असलेल्या एका गृहस्थांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर टेबलावर उताणे ठेवले. तळव्यांवर तांबूस डाग होते. खाज नाही, दुखणेही नाही. सहा वर्षे एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, नियमित चालू, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) तपासणीत सापडत नाही इतका कमी, आणि आता सिफिलिस या गुप्तरोगाची रक्तचाचणी, व्हीडीआरएल, 1:64 इतकी जास्त आलेली. “मॅडम, एकही गोळी चुकलेली नाही. औषध लागू पडेनासे झाले का? जोडीदाराला माझ्यामुळे एचआयव्ही झाला असेल का?”

औषध लागू पडत होते. मात्र एआरटी एचआयव्हीला आवरते. सिफिलिस, गनोरिया किंवा क्लॅमिडिया यांच्या जिवाणूंवर तिचा परिणाम होत नाही. जोडीदाराबद्दलही मी त्यांना धीर देऊ शकले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासातील, एकाला एचआयव्ही असलेल्या 782 पुरुष जोडप्यांपैकी अनेकांना त्या काळात गुप्तरोग झाले होते, तरीही व्हायरल लोड आटोक्यात असलेल्या जोडीदाराकडून एकालाही एचआयव्हीची लागण झाली नाही.

खोदून विचारल्यावर त्यांना दोन महिन्यांपूर्वीचा एक व्रण आठवला. तो दुखत नव्हता आणि तीन आठवड्यांत आपोआप भरून आला, म्हणून त्यांनी तो कोणाला दाखवलाच नाही. सिफिलिस असाच फसवतो: व्रण जातो, आजार आत राहतो. यात आमचाही दोष आहे, असे मला मनापासून वाटते. दर भेटीत आम्ही गोळ्या मोजतो, पण व्हायरल लोडचा अहवाल चांगला आला की लैंगिक आरोग्याविषयी विचारायचे राहून जाते.

अंधुक दिसते का, कानांत आवाज येतो का, डोके सतत दुखते का, हे मी आवर्जून विचारले, कारण सिफिलिस डोळ्यांपर्यंत आणि मज्जासंस्थेपर्यंत पोहोचू शकतो. तसे काही नव्हते. डॉक्टरांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन दिले. त्या रात्री ताप येऊ शकतो, हे आधीच सांगितलेले असल्यामुळे ताप आला तेव्हा ते घाबरले नाहीत. जोडीदाराचा सिफिलिसचा अहवाल निगेटिव्ह होता; तरी लागण इतक्या लवकर रक्तात दिसेलच असे नसल्याने त्यालाही इंजेक्शन दिले गेले.

सहा महिन्यांनी व्हीडीआरएल 1:8 वर उतरली, म्हणजे उपचार लागू पडले. सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी, टीपीएचए, मात्र पॉझिटिव्हच राहिली, आणि उपचारानंतरही ती बहुधा आयुष्यभर तशीच राहते. म्हणून पुढे एखाद्या नव्या डॉक्टरांना ती पाहून शंका आली तर दाखवता यावेत, यासाठी व्हीडीआरएलचे दोन्ही अहवाल फाइलमध्ये जपून ठेवण्यास मी त्यांना सांगितले.