न मारताच ‘स्ट्राइक’ कसा?

त्रिमूर्तीनगरच्या एका काकूंचा प्रश्न आहे. लेक-जावई सिएटलला. काकू उन्हाळ्यात तिकडं तीन महिने राहून आल्या आणि जावयानं त्यांना दोनदा बेसबॉलचा सामना दाखवला. तेव्हापासून गोडी लागली. तिकडं संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडं सकाळचे साडेसात, मग काकू चहा घेऊन बसतात आणि तिकडून नातू फोनवर, असा दोघांचा सामना चालतो. त्या विचारतात, “स्ट्राइक म्हणजे मारणं ना? मग फलंदाजानं बॅट हलवलीसुद्धा नाही तरी पंच स्ट्राइक म्हणतो, असं काहून? आणि काही चेंडूंनाच ‘बॉल’ म्हणतात, मग बाकीचे काय लिंबं आहेत? याचे मराठी शब्द सांगा, म्हणजे नातवाशी मराठीत बोलता येईल.”

काकू, प्रश्न फक्कड आहे, आणि तो आमच्या घरातही झडलेला आहे. एका रविवारी तर्रीपोहे बांधून आणले होते आणि मी सामना लावून बसलो होतो. पहिली प्लेट संपेपर्यंत आमच्या हिनं तीनदा विचारलं, “हा उभाच काहून आहे? मारत काहून नाही?” तेवढ्यात पंचानं उजवा हात झटकला, फलंदाज मान खाली घालून निघून गेला आणि ही माझ्याकडं अशी बघायला लागली जणू निर्णय मीच दिला.

अडचण अशी की हे शब्द अनोळखी नाहीत. जपानी सुमो कुस्ती बघायला बसलो तर सगळेच शब्द नवे, म्हणून आपण निमूट शिकतो. बेसबॉलमध्ये बॉल, पिच, इनिंग, आउट, फाउल, सगळे ओळखीचे चेहरे. क्रिकेट आधी घरात शिरलं आणि या शब्दांच्या खाटा अडवून बसलं. त्यामुळं बेसबॉलचा शब्द ऐकला की अर्थ क्रिकेटचा उठतो.

आता स्ट्राइक. काकू, तुमचं बरोबर आहे, मुळात तो मारण्याचाच शब्द. जुन्या नियमांत फलंदाजाला ‘स्ट्रायकर’च म्हणत. क्रिकेटमध्येही ‘स्ट्राइकवर कोण आहे?’ आपण आजही विचारतो. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं १८४५ साली लिहून काढलेल्या नियमांत तीनदा मारून चुकलं आणि तिसरा चेंडू झेलला गेला तर गडी बाद, असं कलम आहे. म्हणजे स्ट्राइक व्हायला बॅट फिरवावीच लागे. पण त्या काळी चेंडू खालून, हात न उचलता टाकायचे, आणि टाकणाऱ्याचं काम फलंदाजाला मारता येईल असा देणं एवढंच. मग फलंदाज हुशार झाले. हा नको, तो नको, माझ्या मनाजोगा येऊ दे, म्हणून उभेच राहायचे. भाजीवाल्याकडं वांगी निवडावीत तसं. सामना संपेचना. तेव्हा १८५८ साली नियम झाला की चांगला चेंडू सोडत राहणाऱ्या फलंदाजावर पंचानं स्ट्राइक पुकारावा.

शब्दाचा प्रवास तिथं वळला. ‘मारला’ हा अर्थ सरकून ‘मारायला हवा होता’ झाला. क्रिया गेली, तिचा परिणाम तेवढा उरला: एक संधी खर्च.

यात इंग्रजीला हसण्यासारखं काही नाही, कारण आपण हेच केलेलं आहे. ‘चीत’ हा कुस्तीचा शब्द. पाठ मातीला लागली की पैलवान चीत. तो क्रिकेटच्या मराठीत आला आणि त्रिफळाचीत, यष्टिचीत, धावचीत, पायचीत असा संसार वाढला. पायचीत झालेला फलंदाज आपल्या दोन्ही पायांवर चालत तंबूत परततो, त्याच्या पाठीला धूळही लागलेली नसते, तरी तो चीतच. आखाडा गेला, हरणं उरलं. ‘न मारता स्ट्राइक’ आणि ‘न पडता चीत’ ही सख्खी भावंडं आहेत.

‘बॉल’ची गोष्ट याच्या पुढची. फलंदाजाला चाप बसल्यावर टाकणारे शेफारले आणि मुद्दाम आवाक्याबाहेर टाकू लागले. म्हणून १८६०च्या दशकात पंच तसल्या चेंडूचाही पुकारा करू लागला; तो पुकारा म्हणजे ‘बॉल’. बॅटच्या आवाक्यातल्या त्या अदृश्य चौकटीतून, म्हणजे जमिनीवरच्या १७ इंच रुंद पाटीच्या वर आणि गुडघ्यापासून साधारण छातीच्या खालपर्यंत, चेंडू गेला नाही आणि फलंदाजानंही बॅट फिरवली नाही, तर बॉल. असे किती झाले की फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धाव काढायला ओळीनं गाठायच्या चार ठाण्यांतल्या पहिल्यावर, जाऊ द्यायचं, यावर बरीच वर्षं घोळ चालला. १८७९ मध्ये तो आकडा ९ होता, कमी होत होत १८८९ मध्ये ४ वर आला आणि तिथंच थांबला. या फुकट जाण्याला ‘वॉक’ म्हणतात, कारण पळायची गरज नाही. आपला ‘वाइड’ मनात आणा, पण चार साठवून मग एकदम वसूल केलेला. जबरदस्त फलंदाज समोर असला तर त्याला मुद्दामच वॉक देऊन टाकतात. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये २०१७ पासून त्यासाठी चार चेंडू टाकायचीही गरज नाही, खुणेनं सांगितलं की झालं.

‘पिच’नं मीही फसलो होतो. आपल्या डोक्यात पिच म्हणजे जामठ्याची खेळपट्टी, जिच्याबद्दल सामन्याच्या आदल्या दिवशी सगळं नागपूर तज्ज्ञ असतं. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे फेक, आणि पिचर म्हणजे फेकणारा. चेंडू जमिनीला टेकतच नाही, तर खेळपट्टीचं काम काय?

‘इनिंग’ला मात्र ‘डाव’ म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. आपला डाव एका संघाचा. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. अशा नऊ. ‘नऊ डावांचा सामना’ असं नातवाला सांगितलं तर हिशोब निम्म्यानं चुकेल. फेरी म्हणा.

आणखी एक खड्डा. फलंदाज कधी मुद्दाम उंच टोला मारून झेल देतो, स्वतः बाद होतो, आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा सोबती ‘घरी’, म्हणजे फलंदाजाजवळच्या त्या पाटीवर, पळत येऊन धाव काढतो. याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात. शब्दकोश उघडला तर ‘बळी’ मिळेल. पण मराठी क्रीडापानावर ‘बळी’ शब्द गोलंदाजाच्या नावावर जमा झालेला आहे. चार बळी घेतले म्हणजे चार जणांना बाद केलं. तो इथं वापरला तर कोणी कोणाचा बळी दिला हेच कळणार नाही. मी ‘त्याग’ म्हणतो. थोडं कीर्तनी वाटतं, पण अर्थ नेमका लागतो.

बेसबॉलमध्ये पिचर आणि त्याचा चेंडू झेलणारा कॅचर या जोडीला मिळून ‘बॅटरी’ म्हणतात. टॉर्चची नव्हे, तोफखान्याची. तोफांच्या तुकडीवरून तो शब्द आला असं मानतात. आणि आपला ‘गोलंदाज’ कोण? तोफेचा गोळा डागणारा, फारसी वळणाचा शब्द, पेशवाईच्या कागदांत शोभणारा. ‘फलंदाज’ हा त्याच साच्यातून फळीवरून काढलेला. दोन खंडांवरचे दोन खेळ, आणि चेंडू फेकणारा माणूस दोघांनाही तोफखान्यातलाच दिसावा, याची मला फार गंमत वाटते. क्रिकेटच्या इंग्रजी नियमांनी २०२१ मध्ये ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ आणला, बेसबॉलमध्ये तो आधीपासून होता. मराठी ‘फलंदाज’ला पुरुष-बाई काही चिकटलेलंच नव्हतं, त्यामुळं आपल्याला खोडरबर लागला नाही.

नातू एखाद्या दिवशी ‘ही फ्लाइड आउट’ म्हणेल, त्याला टोकू नका. उडणे या क्रियापदाचं भूतकाळी रूप शाळेत ‘फ्ल्यू’ शिकवतात, पण उंच टोला झेलला जाऊन गडी बाद झाला की बेसबॉलचं इंग्रजी ‘फ्लाइड’च म्हणतं. कारण तो उडालेला नाही. त्यानं ‘फ्लाय’ नावाचा टोला मारला, आणि त्या नामापासून नवं क्रियापद झालं. त्याला जुनं वळण लागू नाही. आपल्याकडं रंगानं काळे असलेल्यांना आपण ‘काळ्यांना’ म्हणतो, पण आडनाव काळे असलं तर हल्ली ‘काळेंना बोलवा’. जुने शिक्षक यावर नाकं मुरडतात, तरी भाषा का वळते ते कळतं.

बोलीतले शब्द तर मजेचे. अगदी सोप्या उंच झेलाला ‘कॅन ऑफ कॉर्न’, मक्याचा डबा. वाणी उंच फळीवरचा डबा काठीनं ढकलून अॅप्रनमध्ये झेलायचा, त्यावरून आला अशी कथा सांगतात. आपली पोरं अशाला ‘लॉलीपॉप’ म्हणतात, त्यामागं कोणी कथा जोडलेली नाही. दोन बेसच्या मधे धावणारा अडकला, इकडून तिकडून चेंडू फेकत त्याला दामटताहेत, तर तो ‘पिकल’मध्ये. लोणच्यात म्हणण्यापेक्षा अडकित्त्यात सापडला म्हणा, चित्र जास्त खरं. डावखुऱ्याला ‘साउथपॉ’, म्हणजे दक्षिणेचा पंजा. मैदानांची दिशा अशी असायची की पिचरचा डावा हात दक्षिणेला येई, अशी व्युत्पत्ती फार जण छातीठोकपणे सांगतात. पण हा शब्द डाव्या हातासाठी बेसबॉलच्या भरभराटीआधीच छापलेला सापडतो, तेव्हा ती कथा मागाहून शिवलेली. ‘वॉक-ऑफ’ हल्ली विजयाचा शब्द आहे, शेवटच्या फेरीत यजमानांनी सामना संपवणारा टोला. डेनिस एकर्स्ली या पिचरच्या तोंडून १९८८च्या सुमारास तो आला तेव्हा मात्र त्यात टोला खाल्लेल्या पिचरचं मान खाली घालून मैदानाबाहेर चालत जाणं होतं. हरणाऱ्याचा शब्द जिंकणाऱ्यानं उचलून नेला.

मिहानमधल्या आयटी कंपन्यांतल्या पोरापोरींना यातलं बरंच ठाऊक नसतं, आणि दिवसभर वापरतात मात्र तेच: ‘टच बेस करू’, ‘बॉलपार्क फिगर सांग’. ठोकळ आकडा म्हणजे बेसबॉलच्या मैदानाएवढा ढोबळ. चालू द्या.

तर मराठीत काय म्हणायचं? झेलबाद, धाव, टोला हे आहेतच, ते बिनधास्त वापरा. स्ट्राइक, बॉल, वॉक तसेच ठेवा. अर्थ उघडा नसला की शब्द परका राहतो असं नाही. लहानपणी विटी-दांडू खेळताना आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ मोजत होतो. एक-दोन-तीन-चारचे ते तेलुगू आकडे आहेत, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, हे मला चाळिशीत कळलं. त्यानं माझी एकही विटी कमी लांब गेली नव्हती.

‘तो बेस’ की ‘ती बेस’, असं तुम्ही शेवटी कोपऱ्यात लिहिलं आहे. आमच्या घराजवळच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या तोंडी मी दोन्ही ऐकलं. वाद टाळायचा तर विभक्ती लावा: ‘पहिला’ असो की ‘पहिली’, ‘पहिल्या बेसवर’ दोघांनाही चालतं.

आणि नातू वहीत गुण मांडत असेल तर रोमन लिपीतला ‘के’ दिसेल. तीन स्ट्राइकनं बाद झाल्याची ती खूण. हेन्री चॅडविक या वार्ताहरानं ती रुजवली. माणूस मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटच्याच बातम्या लिहिणारा. ‘एस’ दुसरीकडं खर्च झाला होता, म्हणून त्यानं ‘स्ट्रक’चं शेवटचं अक्षर घेतलं. वहीत तोच ‘के’ कधी आरशात बघितल्यासारखा उलटा काढलेला असतो. तो उलटा ‘के’ म्हणजे आमच्या हिचा प्रश्न: तिसरा चेंडू चौकटीतून गेला, आणि हा उभाच राहिला.