गुरुजी देवाला पत्ता का सांगतात?

प्रिय सई,

गणपतीच्या पूजेत आजोबांशेजारी बसून तू फोनवर कुजबुजलीस, "बाबा, गुरुजी देवाला आपला पत्ता का सांगतायत? त्याला माहीत नाही?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

तू ऐकलास तो संकल्प, म्हणजे कोण, कुठे, कधी पूजा करतोय हे पूजेच्या सुरुवातीला सांगणं. पत्ताच तो, पण उलटा. आपण आधी घर लिहितो, मग पत्र्या मारुतीजवळ, मग नारायण पेठ, शेवटी पुणे. संकल्प सुरू होतो तो थेट काळाच्या पार पलीकडच्या टोकापासून. 'द्वितीये परार्धे' म्हणजे ब्रह्मदेवाची पन्नास वर्षं सरली, एक्कावन्नावं लागलं. त्याचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आपली ४३२ कोटी वर्षं. (रात्र तेवढीच, ती वेगळी.) त्याच्या आजच्या दिवसाचं नाव श्वेतवाराह. त्यात चौदा मनू; आपण सातव्याच्या, वैवस्वताच्या अमलात. त्यातही चार युगांच्या अठ्ठाविसाव्या फेरीचं कलियुग, ४,३२,००० वर्षांचं, आणि त्याचा पहिलाच चरण. पेपर वाचून आजी "कलियुग संपत आलं" म्हणते ना, तिला सांग, जेमतेम ५,००० वर्षं झालीत.

मग गोदावरीचा दक्षिण तीर, शके १९४७, विश्वावसु संवत्सर, भाद्रपद शुद्ध चतुर्थी, बुधवार. मग आजोबांचं गोत्र नि नाव. एवढा अफाट काळ दोन श्वासांत उतरत उतरत आपल्या बुधवारावर येऊन टेकतो, हे मला फार आवडतं.

इथे रॉटरडॅमला पहिल्या वर्षी मी एकट्यानंच पूजा केली. पोथीत गोत्राच्या जागी 'अमुक' छापलेलं असतं, तिथं आपलं घालायचं. मी घाईत 'अमुकगोत्रोत्पन्नः' असंच वाचून मोकळा. व्हिडिओ कॉलवरून आजोबा म्हणाले, "अमुकाची पूजा झाली, आता तुझी कर." नदीपाशीही जीभ अडखळली. खिडकीतून मास नदी दिसत असताना गोदावरी कशी म्हणायची? 'मासनद्याः उत्तरे तीरे' म्हणून टाकलं. संस्कृतात मास म्हणजे महिना, तेव्हा देव बुचकळ्यात पडला असणार.

पुढच्या वेळी आजोबांच्या उजव्या हाताकडे बघ. संकल्प संपेपर्यंत तळहातावर पाणी धरायचं असतं, 'करिष्ये' म्हटलं की ताम्हनात सोडायचं. त्यांचा हात आता थरथरतो, अर्धं आधीच गळून जातं. तू शेजारी असशीलच. पळीत थोडं जास्त घे.

तुझा,
बाबा