हिब्रूत नामाचं लघुरूप (लहानपणा दाखवणारं रूप) केलं की त्याचं लिंग बदलतं का?

कधी बदलतं, कधी नाही. कोणता प्रत्यय लागला त्यावर ते ठरतं, कारण लिंग मूळ शब्दाकडून नाही, प्रत्ययाकडून येतं. ‘-ओन’ पुल्लिंगी: सेफेर (पुस्तक) – सिफ्रोन (पुस्तिका). ‘-ओनेत’ आणि ‘-ईत’ स्त्रीलिंगी. म्हणून ‘साक’ (पोतं) पुल्लिंगी, पण त्यापासून झालेली ‘साकीत’ (पिशवी) स्त्रीलिंगी. सोबतचं विशेषणही बदलावं लागतं: मोठं पोतं ‘साक गादोल’, मोठी पिशवी ‘साकीत ग्दोला’. आपल्याकडे डबा-डबी, लोटा-लोटी होतं तसंच हे, त्यामुळे मराठी माणसाला चटकन उमगतं. ‘कफ’ (चमचा) मुळातच स्त्रीलिंगी असल्याने ‘कपीत’मध्ये (लहान चमचा) काही बदलत नाही. अक्षरं दुणावूनही लघुरूप होतं आणि मला हीच रूपं सगळ्यांत गोड वाटतात: केलेव (कुत्रा) – क्लवलव, खातूल (मांजर) – खतलतूल. इथे लिंग तेच राहतं. हिब्रूत नपुंसकलिंगच नसल्याने आपलं ‘ते पिल्लू’ तिथे ‘तो’ किंवा ‘ती’च असतं.

एक सांभाळा: प्रत्येक ‘-ओन’ लघुत्वाचा नसतो. मिला म्हणजे शब्द, स्त्रीलिंगी; पण ‘मिलोन’ म्हणजे छोटा शब्द नव्हे, शब्दकोश, आणि तो पुल्लिंगी. शाआ (तास) आणि शाओन (घड्याळ) यांचंही तसंच.